सतराव्या पानाचा आधार

"आधी दोनच कण घे. त्यांच्या जागा बदलून बघ. बदलल्यावर स्वस्त पडतं का, एवढंच सांग मला. बाकीचं विश्व तिकडे राहू दे."

सरांचं हे बोलणं थोरलीच्या कानात बावीस वर्षं जसंच्या तसं होतं. मधला खोकला, खडूची बोटं सदऱ्याला पुसायची लकब, सगळं. तेव्हा ती संशोधनाला नवी होती आणि आकाशातल्या यच्चयावत दीर्घिकांचं गणित एका दमात मांडायला निघाली होती. सरांनी हसून तिचा भरलेला फळा पुसून टाकला आणि त्यावर दोन ठिपके काढले.

थोरली हे नाव काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने ठेवलेलं. सरांची पहिली विद्यार्थिनी म्हणून थोरली. एकटीच होती तरी थोरली. दहा वर्षांनी धाकटी आली आणि त्या नावाला अर्थ आला. तो आला नसता तर बरं झालं असतं, असं थोरलीला अनेकदा वाटे. पण ती ते कुणाला बोलली नव्हती, देवालासुद्धा नाही. त्याला सांगायची काय गरज, तो बघतच होता.

सरांचा आयुष्यभराचा प्रश्न सांगायला सोपा होता. विश्व अगदी सुरुवातीला परातीत पीठ पसरावं तसं सगळीकडे सारखं पसरलेलं होतं. आज त्याचे गोळे झालेत. इथे दीर्घिकांची दाटी, तिथे नुसती पोकळी. मग आज या गोळ्यात असलेला हा कण तेव्हा परातीत कुठे होता? बघायला तर कुणी नव्हतं. सरांचं म्हणणं, गणिताने माग काढता येतो. जुन्या जागा आणि नव्या जागा यांच्या जोड्या अशा लावायच्या की सगळ्यांची मिळून धावपळ कमीत कमी व्हावी. प्रत्येकाचं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची. जी मांडणी सर्वांत स्वस्त, तीच खऱ्याच्या सर्वांत जवळची. याला ते किमान खर्चाची वाहतूक म्हणत. ऐकणाऱ्याला ट्रकच आठवायचे. सर म्हणायचे, "आठवू देत की, ट्रकच आहेत ते."

आणि आता धाकटीचा एकतीस पानी लेख थोरलीच्या टेबलावर पडला होता. एका नियतकालिकाच्या संपादकांनी तो तिच्याकडे परीक्षणाला पाठवला होता. लेखिकेचं नाव वर छापलेलं, परीक्षकाचं नाव मात्र कुणाला कळणार नाही, हा रिवाज. अभिप्राय द्यायला तीन आठवडे. त्यातले सोळा दिवस सरले होते आणि सरांच्या पंचाहत्तरीचा समारंभ दहा दिवसांवर आला होता. त्या दिवशी विभागाच्या सभागृहात धाकटी हेच काम सरांपुढे मांडणार होती.

थोरलीलाही त्या समारंभात काम होतं. खुर्च्या, माइक, पाण्याचे पेले. "व्यवस्था तुझ्याकडे," सर म्हणाले होते, "तू केलंस की मला बघायला नको."

बावीस वर्षं हेच. तिने प्रबंध दिला तेव्हा सर म्हणाले होते, "व्यवस्थित आहे." तिचा पहिला निबंध छापून आला तेव्हाही व्यवस्थित. धाकटीच्या बाबतीत मात्र ते एकदा भर बैठकीत म्हणाले, "ही विचार करायला लागली की खोलीत आवाज होतो." सगळे हसले. थोरलीही हसली. घरी येऊन तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून पुसले.

त्या बुधवारी ती सरांकडे गेली तेव्हा दार धाकटीनेच उघडलं. हात ओले होते, पदर खोचलेला.

"या ताई! सर आत्ताच तुमचं नाव काढत होते."

"माझं? का बरं?"

"माइक खरखरतो म्हणून," धाकटी हसली. "बसा ना. चहा टाकते."

बसा! या घरात थोरलीला बसा म्हणायला ही कोण? साखरेचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर कधी आला, तेही धाकटीला ठाऊक होतं. काकू तिला हाक मारून सांगत होत्या, "अगं, ते दूध आधी संपव," आणि ती "हो हो" म्हणत फ्रिज उघडत होती. थोरलीने या घरातला फ्रिज कधी उघडला नव्हता. ती बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीत, मांडीवर पर्स ठेवून बसली.

सरांची नजर आता जवळजवळ गेली होती. धाकटी दर बुधवारी येऊन त्यांना वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच बोट वर करून म्हणत, "थांब. ती ओळ परत." एकेका ओळीवर पाऊण पाऊण तास. थोरलीच्या कुठल्या ओळीवर सर असे थांबले होते? तिने आठवून पाहिलं. आठवेना.

"कोण, थोरली का?" सरांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "धाकटीचं वाचलंस का काही?"

"नाही अजून," थोरली म्हणाली. परीक्षकाने नाही म्हणायचंच असतं, म्हणून ते खोटं नव्हतं. तरी जिभेवर कडू लागलं.

"वाच. पोरीने कमाल केलीय."

थोरलीचा एक रोजचा नेम होता. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत कुणाबद्दल वाकडं बोलायचं नाही, लिहायचंही नाही. तरुणपणी तिची जीभ फार चाले. एकदा जवळच्या मैत्रिणीचं मन कायमचं दुखावलं, तेव्हा तिने देवापुढे हात जोडून हा नेम घेतला आणि आजवर मोडला नव्हता. तिचा नवरा बस डेपोत कंट्रोलर होता. त्याला या नेमाची गंमत वाटायची. बाराचे ठोके पडले की म्हणायचा, "चला, बाईसाहेबांची गाडी सुटली. आज कुणाचा नंबर?" ती हसून सोडून द्यायची. पण गेले सोळा दिवस गाडी सुटत नव्हती की थांबतही नव्हती. तोंड बंद होतं आणि आत अखंड कुरकुर चालू होती.

ती लेख वाचत होती, आणि का वाचत होती ते तिला पक्कं माहीत होतं. खोट शोधायला.

धाकटीने सरांच्या प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला होता. तिने गुरुत्वाकर्षण घेतलंच नव्हतं. तिचे कण नुसते भरकटणारे. पुढचं पाऊल कुठे पडेल ते नाणेफेकीवर. कुणाला नाव नाही, हा कोण आणि तो कोण ते ओळखायची सोय नाही. आपल्याला ठाऊक एवढंच की सुरुवातीला सगळे सारखे पसरलेले होते आणि शेवटी गोळ्यांमध्ये सापडले. मग मधल्या वेळात ते कसे चालले असण्याची शक्यता सर्वांत जास्त? धाकटी म्हणत होती, एकमेकांना ओढत असल्यासारखेच. ओढ कुणी घातलेली नव्हती. एवढ्या सगळ्या भरकटण्यातून, शक्यतांच्या बेरजेतून, ती आपोआप वर येत होती.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थोरलीने पेन खाली ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. सुंदर होतं. तेच तर दुखणं होतं. वाईट असतं तर तिला धाकटीची कीव करता आली असती, जवळ बसवून समजावून सांगता आलं असतं.

ती पुन्हा पहिल्या पानापासून निघाली. घासात केस शोधावा तशी एकेक चिन्ह तपासत गेली. सोळा दिवसांत तिला दोन स्वल्पविराम आणि एक चुकलेला घातांक सापडला. सतराव्या पानावर एक पायरी होती. मांडणी सर्वांत स्वस्त आहे हे ठरवायला कणांची दोन-दोनांत अदलाबदल करून पाहायची, कुठल्याही जोडीत फायदा निघाला नाही की काम झालं. सरांचीच शिकवण. थोरलीची नजर त्यावरून लोण्यावरून सुरी फिरावी तशी फिरली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिला सुटी होती. नवरा पहाटेची पाळी संपवून अडीचला घरी आला, तो शीळ वाजवतच.

"काय हो, लॉटरी लागली का?"

"लॉटरीपेक्षा भारी. तिघं ड्रायव्हर एकाच दिवशी खूश. इतिहासात नोंद कर." तो जेवायला बसला. "तुला सांगतो, तीन डेपो, तीन गाड्या. रोज सकाळी पहिल्या स्टॉपपर्यंत रिकाम्या पळतात. आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचा रूट बरा. वर्षभर दोघं-दोघं येऊन माझं डोकं खातायत, साहेब, आमची अदलाबदल करून द्या."

"मग द्यायची करून."

"दिली की! केली की एकाचं भलं होतं आणि दुसरा पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकूण बेरीज आणखी वाईट. हा आणि तो करून बघितलं, तो आणि तिसरा करून बघितलं. कुठलीही जोडी घे, तोटाच. मी म्हटलं, झालं, आहे हेच बरं आहे. आणि आज सकाळी चहा पिताना डोक्यात आलं, तिघांनाही एकदम एकेक घर सरकवलं तर? सरकवलं, आणि तिघांचंही निम्मं रिकामं पळणं वाचलं! काय? अगं, वाढतेस ना?"

थोरलीचा हात भांड्यावर तसाच थांबला होता.

"परत सांगा."

"काय परत सांगा?"

"दोन-दोन बदलून तोटा. तिघं मिळून फायदा."

"हो. तुझ्यासारखीच माझीही बुद्धी कधीकधी..."

ती उठली. फळीवरून तीन कप आणि तीन बश्या घेऊन आली आणि त्याचं ताट बाजूला सरकवून गोल टेबलावर मांडू लागली. तीन कप कडेने, सारख्या अंतरावर. दर दोन कपांच्या मधे एक बशी, पण बरोबर मध्यावर नाही. प्रत्येक कपाला त्याच्या उजवीकडची बशी द्यायची, आणि ती बशी मुद्दाम लांब, पुढच्या कपाकडे थोडी सरकवून ठेवलेली.

"जेवू दे की बाई," नवरा ताट मांडीवर घेत म्हणाला.

तिने दोन कपांच्या बश्या बदलल्या. एकाला जवळची मिळाली. दुसऱ्याची टेबलाच्या थेट पलीकडे गेली. अंतरांचे वर्ग मनात मांडले. वाढले. दुसरी जोडी, तिसरी जोडी. वाढलेच. मग तिने तिन्ही कपांना एकदम डावीकडची बशी दिली. प्रत्येकाची बशी हाताशी आली. खर्च तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली.

म्हणजे सतरावं पान चूक होतं. दोन-दोनांची तपासणी पुरत नाही. तीन, चार, दहा, कितीही जणांना गोल फिरवून पाहावं लागतं. धाकटीने ते पाहिलेलं नव्हतं. आणि पुढची चौदा पानं त्याच एका पायरीवर उभी होती.

थोरलीच्या अंगातून गरम लाट गेली. आनंद होता तो. खोटं कशाला बोला, निव्वळ आनंद होता. खोलीत आवाज होतो म्हणे! तिला डोळ्यांसमोर सभागृह दिसलं, तिनेच लावलेल्या खुर्च्या दिसल्या आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हात वर करून हे तीन ठिपके विचारतोय ते दिसलं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"बारा वाजून गेले बरं का," नवरा तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला. "बोल, कुणाचा नंबर?"

"कुणाचा नाही," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

सतराव्या पानावर त्या पायरीच्या शेवटी एक बारका आकडा होता. पाहा, संदर्भ चार. संदर्भांची यादी तिने मुद्दामच वाचलेली नव्हती. आपलं नाव त्यात नसणार, आणि नसलेलं बघायला लागेल, म्हणून. आता तिने शेवटचं पान उलटलं.

संदर्भ चार तिचा प्रबंध होता.

कपाटाच्या तळातून तिने प्रबंधाची जाड प्रत काढली. तिने सिद्ध केलं होतं ते एका सरळ रेषेवरच्या कणांसाठी. दोऱ्यात मणी ओवावेत तसे कण असले की दोन-दोनांची तपासणी खरोखरच पुरते. ते बरोबर होतं. पण त्याच्या खाली, जागा उरली म्हणून लिहावी तशी, एक ओळ होती. 'हाच युक्तिवाद अवकाशातही जसाच्या तसा चालतो.' सिद्धता नाही, काही नाही. चोविसाव्या वर्षीच्या तोऱ्यात लिहिलेली ओळ. सरांनी आधी दोन म्हटलं होतं. ती दोनावरच थांबली होती. आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात सरांची तपासल्याची खूण होती, निळ्या शाईची, झर्रकन ओढलेली.

चुकीपेक्षा ती खूणच तिला जास्त लागली. सर या ओळीवर थांबले नव्हते. बोट वर करून, थांब, ती ओळ परत, असं म्हणाले नव्हते. धाकटीच्या एकेका ओळीला पाऊण तास, आणि हिच्या ओळीला पाव सेकंद. व्यवस्थित आहे! तिला रडू आलं, आणि रडतानासुद्धा मत्सर कमी होईना.

लेखाच्या अखेरीस आभार होते. तेही तिने वाचले. सर, काकू, आणि मग, 'माझ्या ताईंचा प्रबंध मी पहिल्या वर्षी चार वेळा वाचला. हा विषय मला त्यानेच शिकवला.' चार वेळा. तिच्या माहितीत तो प्रबंध एकदासुद्धा कुणी पूर्ण वाचला नव्हता.

एवढं वाचूनही थोरली पाघळली नाही. संध्याकाळी बसून तिने संपादकांसाठी अभिप्राय लिहिला. फार काळजीपूर्वक लिहिला. 'संदर्भ चारमधील प्रमेय केवळ रेषेपुरते आहे. त्याखालील टिप्पणी म्हणजे सिद्धता नव्हे. लेखिकेने तिच्यावर विसंबण्यापूर्वी पुरेशी खबरदारी घेतलेली नाही. लेख स्वीकारू नये.' अक्षर न् अक्षर खरं होतं. एकही शब्द खोडून काढता आला नसता. तिने तो परत परत वाचला, आणि सकाळी पाठवायचा ठरवून ठेवून दिला.

सकाळी आंघोळ, प्रार्थना आटोपून ती संगणकापुढे बसली तेव्हा साडेनऊ झाले होते. बोट बटणावर नेलं आणि थबकली. नेम.

पण हे वाकडं थोडंच होतं? हे तर काम होतं. तिने स्वतःशी बराच वाद घातला. दोन्ही बाजूंनी तीच बोलत होती आणि दोन्हीकडे हरत होती. शेवटी तिने हात मांडीवर घेतले. वाकडं नव्हतं, तर मग बारापर्यंत थांबायला हरकत काय होती? आणि बाराची वाट बघावीशी वाटत होती, म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

"ताई, कामात आहात का? एक विचारू?" आवाज चिरका झाला होता. "हसू नका हं. माझं एक काम चाललंय, भाषणात सांगणारे तेच. त्यात तुमचा आधार घेतलाय मी. प्रबंधातला, दोन-दोनांच्या तपासणीचा. आणि तीन दिवस झाले, मला ते अवकाशात पटेनासं झालंय. रेषेवर पटतं. म्हणजे तुमचं आहे तर बरोबरच असणार, मलाच कळत नाहीये."

थोरलीची नजर पडद्यावरच्या अभिप्रायावर गेली.

"सरांना विचारलं. मी वाचूनही दाखवत होते, तर सर मधेच म्हणाले, कुणाचं आहे? म्हटलं, ताईंचं. तर म्हणाले, थोरलीचं आहे ना, मग बघायला नको, पुढे चल. माझ्या ओळी मात्र किसून काढतात. मला तर कधीकधी तुमचा इतका राग येतो ना ताई! म्हणजे, तसं नाही. तुम्ही समजून घ्या."

"काय म्हणालीस?"

"राग म्हटलं. सॉरी."

"ते नाही. सर काय म्हणाले?"

"बघायला नको, म्हणाले. तुमच्या नावावर त्यांचा डोळे मिटून विश्वास. माझ्यावर अजून नाही."

थोरली खिडकीशी जाऊन उभी राहिली. बघायला नको. हे तिने स्वतःच्या कानांनी कितीदा ऐकलं होतं. त्यात विश्वास होता की नुसती सवय, तिला आजही सांगता येईना. सरांना विचारलं तर त्यांनाही सांगता येणार नाही. आणि पलीकडे ही पोरगी, जिचं फ्रिज उघडणंसुद्धा तिने मोजलं होतं, तीही तिकडे बसून हेच काहीतरी मोजत होती.

तिला एकदम हसू आलं. बरं वाटलं म्हणून नव्हे. आत अजून टोचत होतंच.

"ताई? आहात ना?"

"आहे. ऐक. तुला कळतंय ते बरोबर कळतंय. चूक माझी आहे."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "म्हणजे माझं सगळं पडलं?"

"पडलं की नाही ते फोनवर कळायचं नाही. दोनाऐवजी तीन, चार, कितीही घेऊन ती पायरी परत बांधायला लागेल. बांधता येईल की नाही, मला आत्ता ठाऊक नाही. आठ दिवस आहेत हातात."

"तुम्ही याल? खरंच याल? की आपलं म्हणताय..."

"येते. आत्ता निघते. फळा पुसून ठेव, आणि रडत बसू नकोस. खडू आहेत का?"

"आहेत."

फोन ठेवून तिने कालचा अभिप्राय पुसून टाकला. संपादकांना नवं पत्र लिहिलं, चार वाक्यांचं. 'या लेखाचं परीक्षण मी करणं योग्य नाही. त्यातील सतराव्या पानावरचा दोष माझ्या प्रबंधातून आलेला आहे. तो मी आज लेखिकेला स्वतः सांगितला आहे. कृपया दुसरा परीक्षक नेमावा.' पाठवताना घड्याळाकडे बघायची तिला गरज वाटली नाही.

नवऱ्याला त्या दिवशी दुपारची पाळी होती. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता.

"कुठे निघालीस? आज तर तुझं लेक्चर तीनला ना?"

"धाकटीकडे."

त्याने पेपर खाली केला. "भांडायला?"

"माहीत नाही," थोरली खरं तेच म्हणाली. "येते म्हटलंय."

तिने चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली.